घोट्याजवळची बधिर जागा

आबा, दुपारची सुट्टी आहे आणि मी उभ्यानंच लिहितोय. बसलं तरी पाय ठणकतात. मस्कतच्या या हॉटेलात भट्टीपुढे उभं राहून माझ्याही पोटऱ्यांवर तुमच्यासारख्या निळ्या शिरा फुगल्यात. परवा डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशनचं सगळं समजावलं आणि म्हणाल्या, "आता तुम्हाला काय कळलं ते मला सांगा. मग सही."  विचार करतो म्हणालो आणि सहीचा कागद घेऊन आलो. तेव्हापासून तो खिशातून काढतोय, परत ठेवतोय.

तुमच्या वेळी तुम्ही मार्केट यार्डातली हमाली टाकून तसेच आला होता, सदऱ्याला कांद्याची साल चिकटलेली. "तूच जा आत. त्यांचं बोलनं मला उमगत न्हाय," म्हणून बाकावर बसलात. मी आठवी नापास, तरी घरात शिकलेला मीच. आत डॉक्टर म्हणाले, घट्ट मोजे घालून, ओझं उचलणं सोडूनही भागेल. ऑपरेशन केलं तरी शिरा परत येऊ शकतात, घोट्याजवळ बधिरपणा राहू शकतो. मी नुसती मान हलवत होतो. ते म्हणाले, "मला काय मान हलवून दाखवताय? पाय त्यांचा आहे. त्यांना सांगा."

मी बाहेर येतो. तुम्ही विचारता, "काय म्हनला?"

"काय नाय आबा. महिन्याभरात पोती उचलाल."

"मंग अंगठा कुटं द्यायचा, दाव."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तुम्हाला विचारलं, मुलानं सगळं सांगितलं ना? तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, "व्हय, समदं."

ऑपरेशन झालं, तुम्ही परत ओझ्याला लागलात. मग एकदा पोत्याचा हूक घोट्याला लागला आणि रक्त चपलेत उतरलं तरी तुम्हाला कळलं नाही. जखम चिघळली. "डाक्तरनं आधी सांगाया नगं?" असं तुम्ही हमालांच्या टोळीतल्या प्रत्येकाला सांगत राहिलात, आणि मी शेजारी चहा पीत राहिलो. तुम्ही गेलात तेव्हाही टोळी त्या डॉक्टरलाच शिव्या देत होती.

आता डॉक्टरीणबाईंपुढे जायचंय. या खेपेला सगळं पाठ केलंय, मोजे, बधिरपणा, सगळं. फिरतफिरत म्हणून बघतो आणि दर वेळी वाटतं, तुम्हालाच सांगतोय.

हे पत्र कुठं टपालात टाकायचं नाही, म्हणून लिहितो. मी विसरलो नव्हतो आबा. मोजे म्हटलं असतं तर तुम्ही ओझं सोडलं असतं, आणि टोळीच्या रीतीप्रमाणं तुमचा हमालीचा बिल्ला माझ्या छातीवर आला असता. मला तो नको होता.