माझ्या बाजूचा ब्रेक

३ फेब्रुवारी, सकाळी
संकल्प. नाडी चौऱ्याऐंशी आहे, साठवर आणायची. आमच्या लेकीनं, मोनानं घड्याळ दिलंय, त्यात आकडा दिसतो. जिना चढताना छाती भरते म्हणून डॉक्टरांकडे गेलो, तर म्हणाले, हृदयाला एक ॲक्सिलरेटरची नस असते, एक ब्रेकची. दोन्ही आपोआप चालतात. हे मला सांगतायत! ड्रायव्हिंग स्कूल काय उगाच चालवतोय? शिकणारा कितीही चुकू दे, दुसरा ब्रेक माझ्या पायाखाली असतो. उद्यापासून रंकाळा तलावाला पायी फेरी.

५ फेब्रुवारी
रंकाळ्याला गेलो. गाडीनं. पार्किंग मिळेना, म्हणून मिसळ खाऊन परतलो. नाडी एक्क्याण्णव. कट फार तिखट होता.

९ फेब्रुवारी
डॉक्टरांनी सांगितलेली स्ट्रेस टेस्ट कॅन्सल केली. टेस्टच्या टेन्शननं नाडी वाढते. संयोगितानं त्यावरून बोलणं टाकलंय. बायको गप्प, घरात शांतता. नाडीला चांगलंच.

१४ फेब्रुवारी, सकाळी
नव्यानं शिकायला आलेल्या भीमाप्पानं चौकात चारदा गाडी बंद पाडली. त्याच्यावर ओरडून जबडा दुखतोय. छातीवर दडपण. कालचा तांबडा रस्सा, दुसरं काय.

१४ फेब्रुवारी, दुपारी
जिंकलो! नाडी शेहेचाळीस. पैलवानाची असते अशी. बसल्या जागी दरदरून घाम, म्हणजे व्यायामाचं काम आपोआप होतंय. एक उलटी झाली, पोट हलकं झालं. मोनाला घड्याळाचा फोटो पाठवला. फोनवर रडत होती. आनंदानं असेल. येतेय म्हणाली. हात जड झाला

२१ फेब्रुवारी, हॉस्पिटल
ॲटॅक होता. डॉक्टर म्हणाले, माझ्या ॲटॅकमध्ये ब्रेकच्या नसेनं ब्रेक दाबून धरला, म्हणून नाडी पडली, घाम आला, उलटी झाली. मग ॲक्सिलरेटरची नस भडकली आणि ठोके सैरभैर. शॉक देऊन परत आणलं. पण उशीर झाला होता. हृदयाचा बराच भाग गेला, तो परत येत नाही. कंट्रोल माझ्याकडे कधी येईल, विचारलं. म्हणाले, तो तुमच्याकडे कधीच नव्हता.
डॉक्टर तरुण आहे. अनुभव कमी.

१५ मार्च
गाडी चालवायची नाही, पण शेजारी बसून शिकवायला काय हरकत आहे? संयोगिता पहिल्यांदाच नीट बोलली. "गप मागं बसायचं. तुमच्या पायावर आता कुणाचाबी भरवसा न्हाय."
माझ्या सीटवर मोना बसली. कागलच्या रस्त्याला भीमाप्पासमोर म्हैस आली. मी जीव खाऊन पाय दाबला. खाली नुसती मॅट. गाडी मोनानं थांबवली.
घड्याळ काढून ठेवलंय. आकडा बघायची भीती वाटते.