छापखान्यातल्या दोन विंडोज

प्रिय सना,

करमाळ्यात तुझ्या खालाच्या घरी बस्तान बसलं, शाळेत शिकवायला चौथीचा वर्ग मिळाला, हे तुझ्या अम्मीकडून कळलं. रविवारी फोनवर मी नेहमीसारखं 'जेवलीस का' एवढंच विचारलं आणि फोन तिच्याकडे दिला. बोलायचं होतं ते राहूनच गेलं. आयुष्यभर लोकांच्या लग्नपत्रिकांची अक्षरं जुळवली, पण स्वतःच्या मुलीला पत्र पहिल्यांदाच लिहितोय. चुकलं तर सांभाळून घे.

आधी छापखान्याची खबर. कॉम्प्युटर छान चाललाय. सकाळी सुरू केला की पडद्यावर दोन नावं येतात, नवी विंडोज आणि जुनी विंडोज. जुनी पत्रिका काढायची तर जुनी, नव्या मशीनवर छापायचं तर नवी. पहिले दोन दिवस मी चुकीच्या नावावर बोट दाबून बसायचो. आता अम्मीलाही येतं.

तुला एक सांगितलं नव्हतं. नवं मशीन जुन्या विंडोजवर चालेना आणि आपलं मराठी-कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर उघडेना, तेव्हा दुरुस्तीवाला म्हणाला, जुनं सगळं पुसून टाका. बावीस वर्षांचं काम पुसायचं, म्हणजे मग दुकान तरी कशाला ठेवायचं? मी कुलूप लावायचं मनात पक्कं केलं होतं. नेमकी तू करमाळ्याहून ईदच्या सुट्टीत आलीस. म्हणालीस, पुसायचं कशाला, एकाच कॉम्प्युटरमध्ये दोन्ही राहतील.

मला ते पटलं नव्हतं. तू आधी सगळ्या फायली दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतल्यास, त्यातल्या दहा-बारा उघडून तपासल्यास, लाइट जाईल म्हणून शेजारच्या झेरॉक्सवाल्याचा इन्व्हर्टर जोडून घेतलास. मग जुन्या विंडोजची जागा आवळून बाजूला रिकामा कप्पा केलास आणि नवी विंडोज त्यात घातलीस. मी तासभर खुर्चीमागे उभा होतो. कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला तेव्हा एकटी नवीच आली, जुनीचा पत्ता नाही. माझ्या तोंडून नको ते गेलं. मी म्हणालो, "घालवलंस सगळं. सांगत होतो, हे मुलींचं काम नव्हे."

तू वळूनसुद्धा पाहिलं नाहीस. म्हणालीस, "गेलं नाही अब्बा, हाय तिथंच हाय. नुसतं यादीत नाव न्हाय."

दहा मिनिटांत तू ते नाव सुरुवातीला येणाऱ्या यादीत घातलंस. जुनी विंडोज उघडली, तुझ्या आजोबांनी शेवटची जुळवलेली पत्रिका जशीच्या तशी समोर आली, आणि मी चहा सांगतो म्हणून बाहेर पडलो. चहा सांगायचा नव्हता. तुझ्यासमोर डोळे पुसायचे नव्हते.

दुसऱ्या दिवशी वळसंगचे शिवयोगीअण्णा जत्रेची पुस्तिका घ्यायला आले. अर्धी कन्नड, अर्धी मराठी, वेळेवर तयार. त्यांनी विचारलं, कॉम्प्युटर नीट कुणी केला? मी म्हणालो, पुण्याहून माणूस बोलावला होता. तू तिथंच गठ्ठे बांधत होतीस. तू सुतळीची गाठ तेवढी घट्ट मारलीस. मी असं का म्हणालो ते मलाही नीट सांगता येत नाही. मुलीनं केलं म्हटलं तर गिऱ्हाईक भरवसा ठेवणार नाही, असं वाटलं असेल.

परवा मी वळसंगला गेलो. त्यांच्या दुकानात चार माणसं बसली होती, त्यांच्यासमोरच म्हणालो, "अण्णा, मी खोटं बोललो. ते काम माझ्या सनाचं." अण्णा हसले. म्हणाले, "मकदूमभाई, गाठ बघूनच कळलं होतं मला." मग मीच त्या चौघांना सगळं समजावलं, कप्पा कसा केला, यादीत नाव कसं घातलं. निम्मं चुकीचं सांगितलं असणार. पण येताना एसटीत ऊर असा भरून आला होता की कंडक्टरलाही सांगावंसं वाटत होतं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. चार वर्षांपूर्वी पुण्याच्या कॉम्प्युटर कॉलेजचा अर्ज तू माझ्या टेबलावर ठेवला होतास. मुलीनं एवढ्या लांब कशाला, म्हणून मी तो वाचलाही नाही, पत्रिकांच्या रद्दीत गेला. तू परत कधी विचारलं नाहीस, बी.ए. केलंस, आणि रात्रंदिवस कुठून कुठून शिकत राहिलीस ते मला कळलंच नाही. काल मी त्या कॉलेजात फोन केला. पदवीनंतरचा एक वर्षाचा कोर्स आहे, तुला चालतो, तीस तारखेपर्यंत अर्ज घेतात. शाळेत मन रमलं असेल तर तिथंच राहा, मी एका शब्दानं विचारणार नाही. पण जायचं असेल तर आता माझ्यामुळे अडायचं नाही. अर्ज भरून आण. पालकाची सही असते तिथं मी सही करीन, आणि या वेळी आधी सगळा वाचीन.

तुझाच,
अब्बा