नळीतला अडथळा

तीर्थरूप आत्यास,

तुझ्या भाच्याचा साष्टांग नमस्कार. या खेपेला हा नमस्कार नुसता कागदावरचा नाही बरं का. पाठीत उसण भरल्यामुळे गेले तीन दिवस मी खरोखरच पालथा पडून आहे आणि हे पत्रही फरशीवर पोटावर पडून लिहितोय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. (उसण कशी भरली ते पुढे येईलच. न आलं तर बरंच.) तुझे गुडघे कसे आहेत? धाकट्या आत्याकडे जिने फार आहेत असं तू लिहिलं होतंस. दिवसातून एकदाच खाली उतरत जा. दोघी दोन महिने एका घरात राहून अजून भांडला नाहीत हे वाचून मी पत्र दोनदा तपासलं. इकडे सगळे ठीक. तुझी सूनबाई मजेत आहे, म्हणजे दिवसभर आपल्या नवऱ्याला हसत असते. चष्म्याचं दुकान छान चाललंय. लोकांची नजर दिवसेंदिवस अधू होत चालली आहे, देवाची कृपा.

आता मुद्द्यावर येतो. (येतो म्हटलं तरी येववत नाही. मघाशी एवढं लिहून पेन खाली ठेवलं, उगाच पाणी प्यायलो, उताणं होऊन पाहिलं, ओरडलो, परत पालथा झालो.) हे पत्र त्या रिव्हॉल्व्हरबद्दल आहे. घर माझ्या हवाली करून जाताना तू कपाटाची किल्ली दिलीस, गॅसचं पुस्तक दिलंस आणि त्या फ्लॅनेलच्या गुंडाळीकडे बोट दाखवून म्हणालीस, परवाना तुझ्या नावावर करून घे, आणि नीट वाग. परवान्याचं काम चालू आहे. नीट वागण्याचं मात्र पार वाटोळं झालंय. आत्या, मला तुला तोंड दाखवायची लाज वाटते, म्हणून मी लिहितोय. फोन केला असता, पण तू छत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलीस. मी नुसतं हॅलो म्हटलं तरी तुला कळलं असतं.

सुरुवात कचेरीतल्या अर्जापासून झाली. त्यात रकाने होते: हत्यार कोणत्या साली बनलं, कुणी बनवलं, क्रमांक काय, चालू आहे की नादुरुस्त. मला यातलं काडीचं माहीत नव्हतं. आजोबा जंगलात मोजणीदार होते, रानडुकरांच्या भीतीने त्यांना ते मिळालं, आणि डुक्कर दिसलं की ते आधी झाडावर चढत, एवढाच काय तो इतिहास तू मला सांगितलेला. म्हणून मी दुकानातलं भिंग घेऊन बसलो. मुठीच्या वर तीन बारीक अक्षरं आणि वर एक मुकुट दिसला. झालं! मी ठरवून टाकलं की हे हत्यार कुण्या सेनापतीसाठी खास घडवलेलं असणार. हे मी सूनबाईला सांगितलं, न्हाव्याला सांगितलं, आणि डोळे तपासायला आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला, त्याचा चष्मा काढून घेतलेला असताना, म्हणजे त्याला उठून जाता येत नसताना, सांगितलं. फोटोग्राफरकडे जाऊन रिव्हॉल्व्हर छातीशी धरून फोटोही काढला. (फोटोत मी चेहऱ्याने अगदी करारी दिसतोय, पण मागे त्याचा धबधब्याचा पडदा आहे, त्यामुळे मी कुणालातरी आंघोळीपासून रोखून धरलंय असं वाटतं. सूनबाईने तो मोरीच्या दाराला चिकटवलाय.)

पुढची फजिती डब्याची. हत्यार उघड्यावर न्यायचं नसतं म्हणून मी ते जेवणाच्या रिकाम्या डब्यात घातलं आणि बसने कचेरीत गेलो. खिडकीपाशी रांग होती, म्हणून बाकावर बसलो. शेजारच्या गृहस्थांचा डबा अगदी तसाच. माझं नाव पुकारलं, मी लगबगीने गेलो आणि कारकुनासमोर झाकण उघडून मोठ्या अभिमानाने म्हटलं, आमच्या घराण्यातलं आहे, सांभाळून हाताळा. आत भेंडीची भाजी होती. तेवढ्यात मागे बाकावर त्या गृहस्थांनी जेवायला सुरुवात करायची म्हणून माझा डबा उघडला. ओरडाआरडा झाला, पहारेकरी धावत आला, मला एका खोलीत बसवून ठेवलं, आणि शेवटी कारकुनाने तुझं नाव ऐकलं तेव्हा कुठे मी सुटलो. तुला तो अजून भिऊन आहे. म्हणाला, बाई दरवर्षी कापडी पिशवीतून आणायच्या, आम्ही पेन्सिलीने फडकं उचलून पाहायचो, 'आहे' म्हणायचो आणि शिक्का मारायचो. हात कुणी लावला नाही. पण आता नाव बदलायचं तर कारागिराचा दाखला हवाच. त्याने यादी काढली. यादीत एकच नाव होतं: आपले बंदूकवाले.

तुला आठवतात ना? (हे मी कुठल्या तोंडाने विचारतोय ते मलाच कळत नाही.) मी तुझ्याकडे राहायला लागल्यावर ते दरवर्षी एकदा घरी यायचे, टेबलावर वर्तमानपत्र पसरून रिव्हॉल्व्हर उघडायचे, साफ करून दाखला लिहून द्यायचे. त्या दिवशी तू दुपारची रजा काढायचीस आणि वेताची खुर्ची पुढच्या खोलीत आणून पुसायचीस. मी नऊ वर्षांचा होतो त्या साली ते आले, आणि नंतर कधी आलेच नाहीत. पुढच्या वर्षी तू चार दिवस ती खुर्ची पुढच्या खोलीत ठेवली होतीस. पाचव्या दिवशी ती आत नेलीस, आणि म्हणालीस, मोठा दुकानदार झालाय आता, आपल्यासारख्यांकडे कशाला येईल. मग तू स्वतःच पिशवी घेऊन कचेरीत जायला लागलीस. इतक्या वर्षांत मी त्यांच्या गल्लीत पाऊल टाकलेलं नाही. मला वाटलं, आता म्हातारा गेला असेल, मुलगा बसत असेल.

म्हातारा गेलेला नाही. पंचाहत्तरीचा आहे, ताठ आहे, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली आहे. (मला ते बघवेना. पण मी माझ्या धंद्याचं बोलायला गेलो नव्हतो.) दुकानात आता बंदुका कमी आणि कुलपं, कात्र्या, शिवणयंत्रं जास्त. मी डबा उघडला, दोनदा खात्री करून, आणि त्या माणसाने रिव्हॉल्व्हर उचलायच्या आधीच, नुसतं पाहून विचारलं, "एक्स्चेंजमधल्या बाईंचं ना हे? बाई बऱ्या आहेत?" मी म्हटलं, बऱ्या आहेत, गुडघे दुखतात, धाकट्या बहिणीकडे गेल्यात. ते नुसते बरं म्हणाले. त्यांनी मला ओळखलं की नाही कुणास ठाऊक, पण मी आपला लागलो सेनापतीची कथा सांगायला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि सांगितलं की मुकुट आणि तीन अक्षरं हा कारखान्यातल्या तपासनिसाचा शिक्का असतो, तो हजारो नगांवर असतो, आणि त्याचा अर्थ एवढाच की कुणीतरी हे पाहिलं आणि ठीक आहे म्हणालं. माझा सेनापती तिथेच धारातीर्थी पडला.

मग त्यांनी सहा घरांचं चक्र बाहेर काढलं, नळीत दिवा धरून पाहिलं आणि परत पाहिलं. सळई आत जाईना. आत काहीतरी आहे, म्हणाले. मी म्हटलं, इतिहास असेल, आणि स्वतःच हसलो. (आत्या, मला एक ठोसा मारायला तू हवी होतीस.) त्यांनी नळी गरम तेलात धरली, लाकडी दांडीने हळूहळू ठोकली, तेव्हा आधी मेणबत्तीच्या मेणाचा बोळा बाहेर आला. ते म्हणाले, बाईंनी इतक्या वर्षांत कधी चाप ओढला असता तर नळी हातात फुटली असती, बोटं राहिली नसती. हे ऐकून मला ती रात्र आठवली. दारूच्या नशेत शेजारी दारावर लाथा मारत होता तेव्हा तू हेच हातात धरून उभी राहिली होतीस आणि मी तुझ्या पदरामागे होतो. आणि मेणानंतर कागदाची एक बारीक सुरळी निघाली.

ती त्यांनी चिमट्याने उलगडली. त्यांचंच अक्षर. ते वाचत होते आणि मी खाली एका शिवणयंत्राकडे बघत होतो. मग ते म्हणाले, "म्हणजे बाईंना मिळालंच नव्हतं."

तर आत्या, ही माझी कर्मकहाणी. त्या वर्षी ते निघाले तेव्हा तू आत कपबशा धूत होतीस, आणि दारात त्यांनी माझ्या हातात ते पत्र दिलं: मी कोपऱ्यावरून वळलो की आत्याला दे. माणूस फार भिडस्त. रिव्हॉल्व्हर टेबलावर उघडं पडलेलं, गोळ्यांचा डबा तू आधीच कपाटात ठेवलेला. मला खेळायला काडतूस हवं होतं, आणि हातात कागद होता. मी तो गुंडाळला, तुझ्या विणायच्या सुईने आत ढकलला, वर मेण ठासलं, आणि देवाशपथ विसरून गेलो. पोरखेळ होता गं. त्यांनी मला विचारलं, तुम्ही तेव्हा केवढे होता? मी म्हटलं, नऊ. ते म्हणाले, नऊ म्हणजे लहानच. रागावले असते तर बरं झालं असतं. उत्तर आलं नाही म्हणजे नकार, असं समजून ते पुन्हा आले नाहीत. चार वर्षांनी त्यांनी लग्न केलं. बायको जाऊन सहा वर्षं झाली. हे सगळं त्यांनी दाखला लिहिता लिहिता सांगितलं. आणि एक सांगितलं: रोज दुपारी चार वाजता एक्स्चेंजला फोन करून जो माणूस किती वाजले असं विचारायचा, तो तेच होते. दुकानात तेव्हा भिंतीवर दोन घड्याळं होती. तू घरी येऊन त्या माणसाला वेडा म्हणायचीस. पण आत्या, चारची पाळी तू कधी कुणाला बदलून दिली नाहीस, ताप असतानासुद्धा.

दाखला त्यांनी सहीनिशी दिला. शेऱ्यात लिहिलंय: 'नळीत अडथळा होता, काढला. हत्यार चालू स्थितीत.' मी तो खिशात घातला, आभार मानायचं सोडून पळ काढला आणि दुकानाच्या तीन पायऱ्या एकदम उतरलो. उसण ती ही.

मोठ्या आत्याला एवढं लिहून झाल्यावर काय म्हणायचं असतं ते मला येत नाही. क्षमा माग म्हणून सूनबाई दारातून खुणावतेय. मागतो. धाकट्या आत्याला नमस्कार.

तुझा,
ज्याला तू शहाणं पोर म्हणायचीस तो

ता. क. — सोबत परवान्याचा अर्ज आहे. जिथे पेन्सिलीने फुली केली आहे तिथे तुझी सही हवी, नाहीतर ते पुन्हा मला त्या खोलीत बसवतील. पत्रही सोबत आहे. मी पायरीवर कमरेला हात लावून बसलो असताना बंदूकवाल्यांनी ते आणून हातात दिलं. म्हणाले, ज्याचं त्याला पोचवा. मी ते वाचलेलं नाही. मेणाने चिकटलंय.

ता. क. दुसरा — सही सावकाश केलीस तरी चालेल. अर्ज हे निमित्त आहे. खरी विनंती ही की त्यांना दोन ओळी लिही. नाही असं लिहिलंस तरी चालेल, पण तुझ्या हाताने लिही. काल ते चष्म्याची काडी बसवायला म्हणून आपल्या घरी आले, माझी पाठ बघितली, आणि जाताना तुझा पत्ता विचारला. मी दिला नाही. एकदा तुझ्या वतीने मी ठरवलंय, आता पुन्हा ठरवणार नाही. त्यांचा पत्ता दाखल्यावर आहे.

ता. क. तिसरा — पाकीट चिकटवलं होतं, ते फाडून हे लिहितोय. आत्या, वर लिहिलंय ते खोटं आहे. खेळ नव्हता, मी विसरलोही नव्हतो. तूच मला लवकर वाचायला शिकवलं होतंस. ते कोपऱ्यावरून वळायच्या आत मी पत्र उघडलं आणि 'माझ्या घरी याल का' इथपर्यंत वाचलं. आई गेली होती, बाबा मला तुझ्या दारात सोडून बोटीवर परत गेले होते, आता तूही जाणार, एवढंच मला कळलं. म्हणून ठासलं. कुणाला सापडणार नाही अशा जागी, मुद्दाम. काल पाठ शेकताना मी ते पुन्हा वाचलं. मागच्या बाजूलाही तीन ओळी आहेत: 'मुलाला सोडून तुम्ही येणार नाही हे मी जाणतो, आणि तसं मला नकोही आहे. त्याची शाळा माझ्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर आहे. त्याची खोली मी रंगवून घेतली आहे.' मी तेव्हा पान उलटलं नव्हतं.