चिंचवडची तळमजल्याची खोली

मी, मोहन विठ्ठल पोरे, वय अठ्ठ्याहत्तर, शिक्षण सातवी, धंदा शिंपीकाम, सध्या मुक्काम मुलगा कुमार याच्या घरी, एश्बॉर्न, जर्मनी, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. मला झोप लागत नाही, पण समज शाबूत आहे. कोणी दबाव आणलेला नाही. तेवढे बोलायलाही इथे कोणाला वेळ नसतो.

एक. शिलाई मशीन सूनबाई अपूर्वा हिला. तिला शिवता येत नाही, तरी टाकून देऊ नये.

दोन. बँकेतली ठेव माझ्या अंत्यविधीला. इथे अस्थी घरी देत नाहीत म्हणे. कुमारने आधीच चौकशी करावी, ऐनवेळी धावपळ नको.

तीन. चिंचवडची तळमजल्याची खोली नातू रुद्र याला. तो हिवाळ्यात बर्फावरची हॉकी खेळतो आणि उन्हाळ्यात लॅक्रॉस, म्हणजे जाळीच्या काठीने चेंडू झेलायचा खेळ. दोन्हींत अंगावर धडकतात. बाकीच्यांचे हिवाळ्यातले दुखणे उन्हाळ्यात भरून येते. याला भरून यायला महिनाच उरत नाही. तीनदा डोक्याला मार बसला. शेवटच्या वेळी बाकावर येऊन मला विचारतो, "आजोबा, मॅच कधी सुरू होणार?" मॅच संपली होती. गोल त्यानेच केला होता.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता बंद. ट्रेनरने त्याला पुन्हा उतरवलेच. त्या माणसाला माझ्या तेराव्याला बोलावू नये.

म्हणून अट घातली की एक खेळ सोडला तरच खोली. रुद्रला मराठी वाचता येत नाही, मी वाचून दाखवली. तो हसला. "वेल्शेस बाइन, ओपा? कुठला पाय कापू?"

कुमार म्हणाला, "बाबा, एकवीस वर्षांचा आहे तो. जाऊ द्या ना."

"तुझ्या डोक्याला लागले असते तर मी जाऊ दिले असते का?"

"आल्झो, बाबा..." म्हणजे 'तर मग, बाबा', एवढे बोलून तो लॅपटॉपकडे वळला.

चार. आठवडाभर विचार केला. रुद्र खेळ सोडणार नाही, आणि खोलीही जाईल. मग डोके पुरते बिघडल्यावर हा बसणार कुठे? सबब कलम तीनमधली अट मी रद्द केली आहे. खोली रुद्रला बिनशर्त. कुमारने ती विकू नये. तिथे जिना नाही. तिथल्या शेजारच्या तनयाताईंना सांगून ठेवले आहे. हा रस्ता विसरला तर त्या घरी आणून सोडतील.

पाच. दाभण व मेणाचा दोरा रुद्रला. दोन्ही खेळांच्या ग्लव्हजचे तळवे फाटतात, ते मी शिवतो. त्याने शिकून घ्यावे. शिकणार नाही.

"काका, इथे हाताने लिहिले की साक्षीदार लागत नाहीत," असे इथले शेजारी श्रीरंग म्हणाले. दोन सह्यांशिवाय मला भरवसा वाटत नाही, म्हणून घेतल्या.

मोहन विठ्ठल पोरे (सही)

आमच्यासमोर सही केली:
१. श्रीरंग माळवदे, शेजारी (सही)
२. ईप्सिता माळवदे, त्यांच्या पत्नी (सही)

एश्बॉर्न, १४ नोव्हेंबर २०२५

ता. क. उजव्या ग्लव्हचा तळवा शिवून झाला. दारामागे अडकवला आहे. उद्या मॅच आहे.