काच नको

२ नोव्हेंबर २००३, रवि.
कुसुमला जाऊन आज दोन महिने. नालवाडीच्या घरात तिच्या वस्तू आहेत तिथेच आहेत. शाळेतून तिची पेटी आली. शिट्टी, दोन शिल्ड, आणि मुलींना नेमबाजी शिकवताना ठेवायची ती वही. मुलींचे सरावाचे चष्मे शाळेचे होते, ते शाळेने ठेवून घेतले. बरोबरच आहे. आमच्या वैशूचाही त्यातच गेला.
वैशू म्हणाली, "बाबा, मले नवा चष्मा लागन. डिसेंबरात नागपूरले निवड आहे."
वही पाहून सांगतो म्हटलं.

४ नोव्हें.
वहीत प्रत्येक मुलीपुढे एक ओळ. 'मीना – नाक बसकं, रबरी पट्टी.' 'शबाना – कानामागे सैल.' किती लक्ष असायचं तिचं. वैशूपुढे फक्त दोन शब्द. 'काच नको.'
वैशूला दाखवलं. म्हटलं, आईच नको म्हणते. उघड्या डोळ्याची सवय व्हावी असं काही तिच्या मनात असेल. कुसुमच्या अक्षरापुढे आम्ही दोघेही बोलत नाही.

१६ नोव्हें., रवि.
सकाळी मागच्या अंगणात वैशूचा छर्ऱ्याच्या बंदुकीचा सराव. छर्रा फळीच्या खिळ्यावर आपटून परत आला. वैशूच्या उजव्या डोळ्याखाली लागला. रक्त थोडंच. तिने आधी बंदूक नीट खाली ठेवली, मग गाल धरला. कुसुमची शिकवण.
डॉक्टर म्हणाले, अर्धं बोट वर लागला असता तर…
जेवलो नाही. बंदूक कपाटात. सराव बंद.

१८ नोव्हें.
वर्ध्याच्या चष्मेवाल्याकडे वही घेऊनच गेलो. म्हटलं, हे पाहा, काच नको लिहिलंय, म्हणून चष्मा घेतलाच नाही. त्याने कपाळावर हात मारला.
"अहो भाऊ, काच नको म्हंजे काचेची काच नको! फुटली का डोयातच जाते. प्लास्टिकची घ्या म्हून लिवलं बाईनं."
आमच्या घरी चष्म्यात जे बसतं ती काच. मग ती कशाचीही असो. वीस वर्षे सिंदीच्या जिनिंगमध्ये कापूस पारखतो, आणि बायकोचे दोन शब्द पारखता आले नाहीत.
त्याला मग आठवलं. "थांबा. गळ्यात शिट्टी, त्या उंच मॅडम का? माह्या बारा चष्म्यांवर फुंकर मारून गेल्या, एक बी घेतला नाई!" हसत होता. मी कुसुम गेल्याचं सांगितलं. "मले मालूम नव्हतं," म्हणाला आणि काउंटर पुसत राहिला.
घरी वैशूला सांगितलं. तिला आठवलं. "निळ्या काचेच्या गॉगलसाठी मी हट्ट धरला होता, बाबा. तवा आई नाई म्हणे."

३० नोव्हें., रवि.
वैशूला घेऊन नागपूर. वहीतली कुसुमची रीत जशीच्या तशी केली. चष्मा हातभर दूर धरून ट्यूबलाइटकडे पाहायचं, हलवताना नळी वाकडी दिसली तर परत. फुंकर मारून धुकं किती वेळ राहतं ते पाहायचं. घालून मान झटकायची. मग बाजूने करंगळी आत जाते का पाहायचं. 'करंगळी जाते तिथून छर्राही जाईल,' असं लिहिलंय तिने. मला कापूस पारखायला आमच्या मुनीमजींनी शिकवलं. तिला हे कोणी शिकवलं? रोज समोर बसून जेवलो, विचारलं नाही.
"बाबा, दुकानदार पाहून राह्यला."
"पाहू दे. तू फुंकर मार."
सातवा पसंत पडला. बिनरंगी, हलका, बाजू बंद. वैशूने विचारलं, "आईनं हाच घेतला असता?" मी मान डोलावली.

७ डिसें., रवि.
सराव पुन्हा सुरू. फळीचे खिळे काढले, मागे जिनिंगमधला टाकाऊ कापूस भरला.
दुपारी वैशूला पेटीच्या तळाशी कुसुमचा स्वतःचा चष्मा सापडला. "मी हाच लावीन." उजव्या काचेवर बारीक खड्डा. मी घालून पाहिला. खड्डा बरोबर डोळ्यासमोर येतो.
वहीचं शेवटचं पान: 'माझा – मार लागला. बाद.' तारीख होळीच्या आदल्या दिवसाची. दुसऱ्या दिवशी तिने पुरणपोळ्या केल्या होत्या. मला आणखी एक घ्या म्हणत होती. माराचं मात्र सांगितलं नाही.

१९ डिसें.
वैशूला सांगितलं, एकदा मार खाल्लेल्या काचेचा भरवसा नसतो. आईनेच बाद लिहिलंय.
"तुमी एक डाव आईचं चुकीचं वाचलं होतं ना?" म्हणाली, पण रागाने नाही.


२० डिसें., शनि.
सकाळच्या पॅसेंजरने दोघे निघालो. कापसाचा हंगाम, सुटी नाही. मी सिंदीपर्यंत, ती शाळेच्या मुलींबरोबर पुढे नागपूरला, निवडीला. नवा आणि कुसुमचा, दोन्ही चष्म्यांच्या डब्या काळ्या, सारख्याच. एक पिशवीत, एक मांडीवर. मांडीवरची कोणती ते विचारलं नाही. विचारायला हवं होतं.
सिंदीला उतरून खिडकीशी गेलो.
"वैशू, करंगळी घालून पाह्यजो."
"हो बाबा. ऑफिसले उशीर होईन तुमाले."
गाडी हलली. तिने डबी उघडली, चष्मा काढला, आईसारखी फुंकर मारली. मला धुकंच दिसलं, खड्डा आहे का ते नाही. ते निवळेपर्यंत खिडकी पुढे गेली.
हे जिनिंगच्या ऑफिसात लिहितो आहे. वैशू संध्याकाळी सातच्या गाडीने येईल.