आपल्या वाट्याचा बांध

आई, इथं काचेवर खार बसतो. समुद्राला लागून ह्यांनी दोन उंच इमारती बांधल्यात. वर सगळी ऑफिसं, खाली दुकानं, दुकानांच्या पुढं पाण्याला धरून फरशीचा रस्ता नि बाकं. वाऱ्याबरोबर पाणी उडतं, वाळतं आणि काच पांढुरकी होते. आत बसलेल्यांना मग समुद्र दिसत नाय. तो त्यांना दिसावा म्हणून मी दोरावरच्या पाळण्यात उभा राहून बाहेरून काच धुतो. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिल्या टोकाला परत खार धरलेला असतो. माझ्याबरोबर एक नेपाळी आहे, त्यानं इथं यायच्या आधी समुद्र बघितलाच नव्हता. तो विचारतो, हे मीठ संपणार कधी? मी म्हटलं, माझी आई ह्याच्याशी जन्मभर भांडली, तिलाही नाय कळलं.

गेल्या महिन्यात भावानं फोनवर एक चित्र पाठवलं. मला वाटलं माझ्याच कामावरचं आहे. तशाच दोन काचेच्या इमारती, तशीच दुकानं, पाण्यात पांढऱ्या होड्या, कुत्र्याला फिरवणारी माणसं. मी विचारलं, "हे तुला कुठं मिळालं?" तर तो हसायलाच लागला. "अरे, ही आपली खाडी हाय. तुझी कंपनीच आपल्या शेतात येतेय बघ." रामवाडीचा एक माणूस गाडी घेऊन गावात फिरतोय, त्यानं हे चित्र घरोघर दाखवलंय. वरच्या अंगाची शेतं त्यानं घेतली. खालची माणसं विकत नायत, काका तर त्याला ओटीवर बसूपण देत नाय. "मग आपल्याकडं काय मागतो तो?" "काय नाय मागत. शेतपण आत्ता नको म्हणतो. फक्त यंदा आपल्या वाट्याच्या बांधाला चिखल टाकू नका, एवढंच." भावाला वाटलं, मला कळलं नाय. तो परत समजवायला लागला, "तू तिकडं एवढ्या लांब काचा पुसतोस. इथं काचा आल्या तर इथंच पूस की. दुपारी घरी जेवायला येशील."

मला कळलं होतं, आई. बांध सगळ्या गावाचा एकच, पण त्याची डागडुजी घराघरानं वाटून घेतलेली, आणि आपला वाटा वळणावरचा. भरतीचं पाणी सरळ येऊन तिथंच आपटतं, खेकडे बिळं करतात तेपण तिथंच. एक वर्ष चिखल पडला नाय तर पावसाळ्यातल्या उधाणाला तिथूनच बांध फुटणार. आत आलेलं खारं पाणी काय आपल्याच शेतात थांबणार नाय. काकाचं, शेजारणीचं, सगळ्यांचं भात जाईल, आणि खारवलेली जमीन मग रामवाडीवाला म्हणेल त्या भावात जाईल. कोणाला विक म्हणायचीसुद्धा गरज नाय. हे मी बोलून दाखवलं तर भाऊ म्हणाला, "आपण कोणाचं वाईट करतोय काय? आपण नुसतं काय करत नाय." नागोठण्याला कंपनीत शिफ्ट करून तो घरी येतो, परत चिखलात उतरतो, तोपण दमलाय. तो काय राक्षस नाय.

फोन ठेवला आणि मला तू दिसलीस. मी शाळेतून पळून आलेलो आहे, चौथीत असेन. देवळाकडून कोणतरी ओरडतंय, "खांड गेली! खांड गेली!" बांधाला भगदाड पडलं की आपल्याकडं हीच हाक. चुलीवरचा भात उतरवून तू साडी खोचतेस आणि निघतेस. प्रत्येक घरातून एक माणूस बाहेर पडतोय, कोणी कोणाला बोलवत नाय. ओहोटी लागलीय. खाडीच्या अंगाला चिखलाच्या ढेपा कापायच्या आणि ओळीनं एकमेकांच्या हातात देत बांधावर चढवायच्या. नेमकी शेजारीण तुझ्या बाजूला आलीय. कोंबड्यांवरून तुमचं वाजलेलं, तेव्हापासून बोलणं बंद. अख्खी ओहोटी तुम्ही एकमेकींच्या हातात ढेपा देताय आणि तोंडातून शब्द नाय. काका वरून ओरडला, "आता तरी बोला गो!" तर तू म्हणालीस, "हात बोलतायत ना, तोंडाला सुट्टी." सगळी ओळ हसली, शेजारीणपण हसली. दुसऱ्या दिवशी तुमचं परत बंद. मला मात्र एका जागी उभं राहवत नव्हतं. एक खेकडा दिसला, मी ओळ सोडून त्याच्यामागं गेलो, तर सगळ्यांसमोर तू चिखलाच्या हातानं माझा कान धरलास. "तू गेलास ना, की मधी भोक पडतं. दोन्हीकडच्यांचे हात थांबतात." रागानं मी तो कान धुतलाच नाय. चिखल वाळून आपोआप पडेपर्यंत तसाच फिरलो.

आणि त्याच तोंडानं नंतर तू काय म्हणालीस तेपण मला आठवतं. आठवीत शाळा सुटली, तेव्हा तू मला रोह्याला मामाच्या गॅरेजात ठेवायला निघालीस. आधी पेणच्या बाजारात नेऊन बूट घेतलेस. माझे पहिले बूट, पांढरे. गॅरेजात पांढरे बूट कोण घालतो, पण तुला तेच पसंत पडले. गाडीत मी ते काढून मांडी घालून बसलो. "घाल ते," तू म्हणालीस. "बूटवाल्याला कोण चिखलात बोलवत नाय." मी विचारलं, "आणि बांध?" "बांधाला मी हाय, तुझा भाऊ हाय. तू नको पडू ह्याच्यात. तुझ्या पायाला भिंगरी हाय, ती रुतून बसंल." त्यानंतर तू फार दिवस राहिली नायस. कावीळ झाली, रोह्याच्या दवाखान्यात तुला ठेवलेलं. टाचांच्या भेगांमधलं काळं निघेना म्हणून नर्स कापसानं घासत होती, तर तू तिला म्हणालीस, "नको घासू गो बाय. तो मळ नाय, माझा रंगच हाय तो." नर्स हसली, मीपण हसलो. आता हसू येत नाय. मी कोणाला विचारू, आई? कान धरणारीला, का बूट घेणारीला?

परवा काकाचा फोन आला. "काय रं, तुझा भाऊ यंदा चिखलाचं नाव काढत नाय. विचारलं तर शिफ्ट हाय म्हणतो. शिफ्ट काय आत्ता लागली व्हय त्याला?" काका म्हणाला, "तुमचा वाटा आम्हीच केला असता. पण तो आम्हाला पाय ठेवू देत नाय, आमची जागा म्हणतो. जागेवर तुझंपण नाव हाय. तू नुसता येऊन उभा राहा पोरा, बाकीचे हात आमचे." मी म्हटलं, "येतो." साहेबाकडून सुट्टी घेतली. संध्याकाळी भावाला सांगितलं, तर तो खूश. "बरं झालं. रामवाडीवाल्याला तुझ्यासमोरच बसवतो." त्यालापण मी म्हटलं, "येतो." दोघांनी आपापल्या सोयीचं ऐकलं, आणि मी दोघांनाही ऐकू दिलं.

चिखलच टाकीन मी. मधी भोक पडलं की हात कसे थांबतात ते मी बघितलंय, म्हणून. भावाचं नि माझं बोलणं बंद होणार, तुझं नि शेजारणीचं झालं तसं. फक्त तो ओळीत माझ्या बाजूला येऊन उभा राहील का, ते सांगता येत नाय.

हे मी कुठं पाठवणार नाय. तू असतीस तरी पाठवता आलं नसतं. तुला वाचता येत नव्हतं, घरी आलेलं पत्र भावानंच तुला वाचून दाखवलं असतं, आणि आता पुढं लिहितोय ते त्याला कळून चालणार नाय. ते चित्र मी फोनमधून काढून टाकलेलं नाय. जेवणाच्या सुट्टीत उघडतो, बोटांनी मोठं करतो. आपलं वळण आहे तिथं त्यांनी एक बाक काढलाय. बाकावर एक बाई बसलीय, हातात कॉफीचा कप, पायात पांढरे बूट. काल मी तिच्या जागी तुला बसवून बघितलं. समोर खाडी, पाय कोरडे. बरी दिसत होतीस, आई.