बाही साडेतेवीस

२ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वहिनींचा गुडघा काय म्हणतोय? दरवर्षीप्रमाणे वाढदिवसाच्या कोटाचं माप पाठवतेय, नाहीतर फोन करकरून डोकं खाशील. लांबी अडतीस, खांदा साडेचौदा, छाती चौतीस, कंबर अठ्ठावीस, सीट छत्तीस, बाही साडेतेवीस. बाबांचा नियम पाळलाय हं. माप कागदावरच, आकडा तोंडाने उच्चारायचा नाही!

चष्म्याच्या दुकानात सध्या श्वास घ्यायला फुरसत नाही. दिवसभर लोकांच्या हातात आरसे देते. काल एका आजोबांनी बावीस फ्रेमा घालून पाहिल्या आणि शेवटी आपलीच जुनी फ्रेम घालून निघून गेले. मी मात्र सगळे खण तीनदा लावले, पुन्हा उपसले, पुन्हा लावले. मालक म्हणाले, बाई, जरा बसा. बसवतच नाही रे.

फेब्रुवारीत सुरू झालेल्या उदासीच्या गोळ्या व्यवस्थित चालू आहेत. डॉक्टरीणबाई खूश, हेही खूश. तू उगाच घोर लावून घेऊ नकोस. कोटाचा रंग तुझ्या मनाचा, फक्त मागच्यासारखा शेवाळी नको.

लोभ आहेच, तो कोटासोबत पाठव.

तुझी धाकटी बहीण


७ नोव्हेंबर

चि. सुईस,
अनेक आशीर्वाद.

वहिनीचा गुडघा तिच्यासारखाच कुरकुरतोय, बाकी ठीक.

तुझं माप दोनदा वाचलं, मग गेल्या वर्षीचं तुझं पत्र शोधून काढलं. सहाच्या सहा आकडे तेच! अगं, चाळीस वर्षं कात्री चालवतोय, माणसाचं अंग असं वर्षभर पाव इंचही न हलता बसलेलं पाहिलं नाही. माझंच पोट दिवाणजींसारखं पुढे आलंय.

तरी एक वेळ मानलं असतं. पण बाही? मागच्या खेपेला घाईत साडेतेवीस लिहिलंस, कोट आला तर बाह्या मनगटाखाली उतरत होत्या. तू इथे आलीस तेव्हा मी त्या तेवीस करून दिल्या, आणि चूक तुझी असून वर्षभर मलाच चिडवलंस. आता पुन्हा साडेतेवीस? म्हणजे तू टेप हातात घेतलीच नाहीस. जुना कागद समोर ठेवून उतरवलंस. का गं?

फोनवर तू मस्त आहे म्हणतेस आणि ठेवतेस. म्हणून लिहून विचारतो. आणि अक्षर असं का थरथरतंय?

कापड टेबलावर पसरलंय. खरं माप आल्याशिवाय त्याला कात्री लावणार नाही.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
दादा


११ नोव्हेंबर

दादा,

नमस्कार वगैरे सगळं आलं असं समज. आधी हे ऐक, मला सुई म्हणू नकोस. लहानपणी मी काटकुळी होते तेव्हा ठीक होतं. आता ऐकलं की अंगावर काटा येतो.

नाही घेतली टेप. जुने कपडे होत नाहीत, नवे घ्यायला लाज वाटते, दोन स्कर्ट आलटून पालटून घालते. गोळ्यांनी अंग सुटलं, तो एक भाग झाला. पण दादा, खरं सांगू? अंगापेक्षा आतलं जास्त लागलं. मैत्रिणीची आई गेली. मी तिच्या घरी गेले, तिला जवळ घेतलं आणि डोळ्यांत टिपूस नाही. मनात काय आलं, तर त्यांच्या बेसिनचा नळ गळतोय. घरी आल्यावर स्वतःचीच किळस आली. ही कोण बाई आहे? दुकानात चौदा आरसे आहेत आणि चौदाही ठिकाणी तीच दिसते, सुजलेली, सभ्य, कशाचं काही न वाटणारी.

म्हणून बंद केल्या. तीन आठवडे झाले. कोणाला न विचारता, एका दिवसात. यांना माहीत नाही. रोज सकाळी पाकिटातून गोळी काढते आणि बेसिनमध्ये सोडते. वाटलं होतं, आठवडाभरात जुनी मी परत येईन. कसलं काय! मान वळवली की डोक्यात विजेसारखी चमक जाते. जमीन हलते. झोप नाही. परवा एका मुलीने तिसऱ्यांदा आरसा मागितला तर तिच्यावर खेकसले, ती बिचारी रडायला लागली. आणि कालपासून सकाळी उठूच नये असं पुन्हा वाटतंय. फेब्रुवारीत वाटायचं तसंच.

परत गोळ्या घेतल्या तर मी ती दुसरी बाई होणार. नाही घेतल्या तर ही. तूच सांग, कुठलीचं माप पाठवू?

बहीण


१५ नोव्हेंबर

बाळे,

पत्र वाचून दुकानाच्या फळ्या लावल्या आणि आत जाऊन बसलो. रडलो. तुला येत नाही तर तुझ्या वाटणीचंही मीच रडून घेतलं असं समज.

आता भांडतो. शहाणे, गोळ्या म्हणजे काय दुधाचा रतीब आहे, उद्यापासून नको म्हणून सांगायला? इथल्या डॉक्टरांना नाव न सांगता विचारलं. ते म्हणाले, एकदम सोडल्या की डोक्यात अशा चमका येतात, जीव सैरभैर होतो. आणि काही वाटेनासं होणं, वजन वाढणं, हेही त्या गोळ्यांनी होऊ शकतं. औषध बदलता येतं, मात्रा कमीजास्त करता येते. पण ते ठरवणार डॉक्टरीणबाई. तू नाहीस आणि मीही नाही. त्यांना तू हे सांगितलंसच नाहीस ना? तिथेही जुनंच माप दिलंस!

बाबांकडे एक बाई यायच्या, आठवतं? टेप लावली की पोट आत ओढून श्वास रोखायच्या आणि मग बटणं लागत नाहीत म्हणून भांडायला यायच्या. बाबा त्यांना कधी बोलले नाहीत. गप्पांत गुंतवायचे, त्या हसल्या की पटकन माप घ्यायचे. तसं मला तिथे येऊन करावं लागेल असं दिसतंय.

जावईबापूंना मी काही कळवलेलं नाही. ते तू सांगायचंस, हे पत्र हातात पडेल त्याच दिवशी. सकाळचं ते वाटणंसुद्धा, काही न लपवता. शुक्रवारपर्यंत दोघांचा मिळून फोन आला नाही, तर दुकानाला कुलूप लावून मी दारात उभा राहीन.

आणि सुई तुला अंगकाठीवरून म्हणत नव्हतो, वेडे. तीन वर्षांची असल्यापासून टोचतेस म्हणून. आता म्हणणार नाही.

कापड तसंच आहे.

तुझाच,
दादा


२७ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि., या वेळी मनापासून.

फोनवर यांच्यासमोर सगळं बोलता आलं नाही. तुझं पत्र मी यांच्या हातातच दिलं. हे न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसले आणि किती तरी वेळ बेसिनकडेच बघत राहिले. रागावले नाहीत. मला कसं दिसलं नाही, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते.

दुसऱ्याच दिवशी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. सगळं सांगितलं, नळाचंसुद्धा. त्या म्हणाल्या, हे आधी का नाही सांगितलंत, हेच तर मला ऐकायचं असतं. जुनी गोळी कमी मात्रेने पुन्हा सुरू झालीये, मग हळूहळू दुसरीवर नेणार. दर आठवड्याला जायचं. चमका थांबल्यात. सकाळचं ते वाटणं अजून अधूनमधून येतं, पण आता आलं की मी यांना उठवून सांगते. वजनाचं त्यांनी काही वचन दिलेलं नाही. रडू अजून आलेलं नाही.

पण काल एक गंमत झाली. मी डोळे मिटून उभी राहिले आणि यांना टेप धरायला सांगितली. या भल्या माणसाने ती उलटी धरली, सेंटिमीटरच्या बाजूने, आणि शेजारच्या घरात ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, कंबर शहाऐंशी! मग डोळे उघडून त्यांचा चेहरा पाहिला, ते माझ्याहून घाबरले होते. हसू फुटलं रे दादा. खाली बसून हसले. बाबांचा नियम मोडलाच होता, मग टेप सरळ करून बाकीचे आकडे मीच मोठ्याने म्हटले. आरशासमोर उभी राहून.

लांबी अडतीस. खांदा साडेचौदा. छाती अडतीस. कंबर चौतीस. सीट चाळीस.

बाही तेवीस. दोनदा मोजली.

आता लाव कात्री. शेवाळी असला तरी चालेल.

तुझी,
सुई